इसबगोलावर प्यायचं पाणी

आई बसमध्ये कंडक्टर आहे, कोल्हापूर ते नेसरी. दिवसभर अनोळखी माणसांवर ओरडणारी ही बाई घरात स्वतःच्या पोटाबद्दल मात्र चकार शब्द काढत नसे. मीही तशीच. ‘शौचाला होत नाही’ हे वाक्य मला कुठल्याच भाषेत सहज बोलता येत नाही.

त्यामुळे ती इसबगोल घेते हे मला एका सकाळी तिचा ठसका ऐकून कळलं. ड्युटीला निघताना तिने चमचाभर भुसा कोरडाच तोंडात टाकला होता आणि वर घोटभर पाणी. तो घशातच फुगला. चेहरा लाल, बोलता येईना. खोकून खोकून शेवटी एकदाचा सुटला. तिच्या पाठीवर हात ठेवून मी उभी होते.

पाकीट उचलून मी वाचलं. “आई, हे पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं असतं. पाणी कमी पडलं तर घशात, आतड्यात अडकतं.”

“इंग्लिश शाळंत घातली ती मला पाकीट वाचून दाखवायला व्हय? सरक, गाडी चुकंल.”

संध्याकाळी मी तिला ओढतच दवाखान्यात नेलं.

“ॲसिडिटी हाय जरा,” ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. पडद्यापलीकडे पुरुष बसले होते. तरी मी सगळं सांगितलं. पलीकडे नक्कीच ऐकू गेलं असणार.

डॉक्टरांनी पोट तपासलं. गिळायला एरवी त्रास होतो का, रक्त पडतं का, विचारलं. तसं काही नव्हतं. थायरॉईडची गोळी तेवढी रोज चालू होती.

“मग घ्या, पण थोड्यापासून सुरुवात करा. पेलाभर पाण्यातून, वर आणखी एक पेला. झोपायच्या तोंडावर नको, थायरॉईडच्या गोळीसोबत नको. गुण यायला दोन-तीन दिवस लागतात, घाईने जास्त घेऊ नका. घशात अडकलं, पोटात जोराची कळ आली, उलटी झाली, तर बंद करून लगेच यायचं. आणि दिवसभरात पाणी किती पिता?”

आई चपलांकडे बघत म्हणाली, “पाणी प्यालं की जायाचं कुठं, मॅडम? मधीच गाडी थांबवून, ‘पावणं, बसा जरा, आलेच’ म्हणू व्हय?”

मला इतकी वर्षं वाटायचं, तिला तहानच कमी लागते.

घरी आल्यावर तिने इसबगोल ढवळलं, घट्ट व्हायच्या आत प्यायली. मी दुसरा पेला पुढे केला. “बास की गं,” म्हणत तोही संपवला. पण दिवसभराच्या पाण्याचं काय, ते तसंच राहिलं.

दोन-तीन दिवसांनी ती ड्युटीवरून आली ती हसतच.

“नेसरीत स्टॉपजवळ एक बाई ऱ्हाते. तिला इचारलं, तुमच्यात जाऊन येऊ का.”

“मग?”

“शिव्या घातल्या की तिनं! एवढी वर्सं मला तिकीट देतीस आन आज इचारतीस व्हय, म्हणाली.”

मी मेथी निवडत होते. आई शेजारी येऊन बसली, एक जुडी पुढ्यात ओढली.

“आन सकाळी झालं बघ,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

“बरं झालं,” मी म्हणाले. दोघींनीही मान वर केली नाही.