छप्पर धोक्याचं आहे

मॅव्हिस क्रॅबट्रीचा लांब वाक्यावर विश्वास नव्हता. पाणीपुरवठा खात्यात जन्मभर तिने लोकांना जाणारी इंग्रजी पत्रं सोपी करून लिहिली. साहेबाचं वाक्य जितकं गोड आणि लांबलचक, तितकं आत काहीतरी झाकलेलं असणार, हे ती धरूनच चाले. निवृत्तीनंतर थॉर्नबेक गावच्या सभागृहाच्या सूचना लिहिण्याचं काम तिच्याकडे आलं. लिहिलेलं वाक्य ती धाकट्या भावाला, क्लेमला, मोठ्याने वाचून दाखवी. बटाटे सोलता सोलता तो टोके, "कोण म्हणतं? कशावरून?" तो अडला की वाक्य पुन्हा लिहायचं.

त्या सप्टेंबरात तिने लिहिलं : "सभागृहाचं छप्पर धोक्याचं आहे. आत येऊ नका. शनिवारचं सुगीचं जेवण चॅपलमध्ये होईल."

क्लेम काहीच बोलला नाही. बटाटे सोलत राहिला.

सूचना दारावर लागली आणि गाव बिथरलं.

"कृपया नाही, दिलगीर आहोत नाही," चिप्सच्या दुकानातली बेरिल ऑग्डेन म्हणाली. "इतकं तोडून कोण लिहितं गं? हॉल विकायचा घाट आहे तुमचा, दुसरं काय!"

"छप्पर पडेल, बेरिल."

"माझ्या लग्नापासून ते असंच वाकलंय. नवराही. पडला का कधी?" दुकानात हशा पिकला. "शनिवारी टेबलं आतच मांडणार आम्ही!"

मॅव्हिस घरी आली. साहेबांची पत्रं ज्या नजरेने वाचायची, त्याच नजरेने तिने स्वतःची सूचना वाचली. छोटी, स्वच्छ वाक्यं. तरी काहीतरी झाकलेलं. छप्पर धोक्याचं आहे हे क्लेमनेच येऊन सांगितलं होतं. तो वर कशाला चढला होता? आणि आपण ते विचारलं का नाही?

"क्लेम, या वेळी तू मला टोकलं नाहीस."

त्याने सुरी खाली ठेवली. "छप्पर तोलणारी ती तुळई मागे मीच बदलली होती. जुनं लाकूड घातलं. मंगळवारी हात लावला तर बोटं आत गेली, केकमध्ये जावीत तशी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू लिहिलं असतंस."

"लिहिणारच."

"म्हणूनच."

मग तिने कागद ओढला : "छपराची तुळई क्लेम क्रॅबट्रीने बसवली होती. लाकूड कुजकं आहे. मंगळवारी त्याची बोटं तिच्यात रुतली. आत येऊ नका."

क्लेमने वाचलं. "'कुजकं'च्या जागी 'जुनं' चालेल?"

"नाही."

"बरं." त्याने कोट चढवला. "मीच लावतो."

सभागृहाच्या दाराशी बेरिल टेबलं उतरवून घेत होती. तिने सूचना दोनदा वाचली, मग क्लेमकडे पाहिलं. मॅव्हिस त्याच्या मागेच उभी होती.

"गाढवा," बेरिल म्हणाली, "बघतोस काय? दुसरं टोक धर."

चॅपल चढावर होतं. दोघं टेबल घेऊन निघाली.