सटवाजीच्या चुलीचा इस्तू

भागाबाईच्या पायाला भिंगरी होती, हे पुसेगावच्या धनगरवाड्यात कुणीही सांगेल. तीस वर्षं ती मेंढरांमागं चालली. दिवाळी झाली की खाली गंगथडीला, गोदावरीकाठी उतरायचं, मृगाआधी घराकडं फिरायचं. पण त्या साली, म्हणजे जर्मनची लढाई चालू होती तेव्हा, गुडघ्यानं दगा दिला. लेक मल्हारी म्हणाला, "आई, औंदा तू घरीच ऱ्हाय," आणि घोड्यावर बिऱ्हाड लादून बायकोसकट निघून गेला. मागं उरली कुणब्यांची घरं, धनगरांची म्हातारीकोतारी, आणि ही. बाईला एका जागी बूड टेकवेना. दारात बसली की उठायची, पांदीपर्यंत जायची, कुणी येतंय का बघायची आणि परत यायची. येणार कोण, डोंबल? मेंढरं तर जिंतूर ओलांडून गेली होती.

तशात नर्मदाबाई गेली. शेवटच्या घरातली म्हातारी, तिचीही माणसं मेंढरांमागं. दोन दिवस दार नुसतं लोटलेलं होतं. भागाबाई दोन्ही दिवस त्या दारावरून गेली होती. दोन्ही वेळा 'येताना डोकावते' असं मनाशी म्हणाली होती आणि येताना दुसऱ्याच वाटेनं आली होती. तिसऱ्या दिवशी दार ढकललं ते तिनंच. म्हातारी चुलीकडं तोंड करून पडलेली, चुलीतली राख थंडगार. माणूस मरतं, त्याला इलाज नाही. पण दोन दिवस कुणी हाकसुद्धा मारू नये? भागाबाईचा जीव त्या दिवसापासून जो खालीवर व्हायला लागला तो काही केल्या थाऱ्यावर येईना.

गावात अशी आणखी चार माणसं एकटी होती. भागाबाई लंगडत दारोदार फिरली. "रोज सकाळी एकीनं एकाच्या दारी घडीभर जाऊन बसावं, एवढंच मागते." कुणब्याच्या आशाबाईनं नाक मुरडलं. "आमचंच आमाला उरकंना झालंय, भागाबाई. ज्याचं त्यानं बघावं." तरी दोघीतिघी लाजेकाजेनं तयार झाल्या. त्यातल्या एकीला भाकरी घेऊन त्या चौघांपैकी सटवाजीकडं धाडलं, आणि तिथंच सगळं फिसकटलं.

सटवाजी एकेकाळी मेंढरांच्या तळावरचा म्होरक्या. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उंबरा ओलांडून दोन वर्षं झालेली, पण जीभ शाबूत. "तीन पोरं हायेत मला, मेंढरांमागं गेलीत म्हून काय झालं!" तो कडाडला. "मी काय बेवारस हाय, लोकाची भाकर खायला?" आणि ती भाकरी त्यानं कुत्र्यापुढं टाकली. बाई रडत परत आली. बाकीच्यांना तेवढं निमित्त पुरलं.

आता म्हाताऱ्याचंही खोटं नव्हतं. परक्याच्या हातची भाकरी खाल्ली की गाव म्हणणार, पोरांनी बापाला टाकलं. उपास पडला असता तर त्यानं काढला असता, पण पोरांच्या नावाला बट्टा त्याला चालला नसता. भागाबाईला हे कळत होतं, तरी ती भडकली. "मर मग तिकडं!" असं घरात एकटीच ओरडली, आणि ओरडल्या ओरडल्या घाबरून तिनं स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

पौषात गावातली आगपेटी संपली. लढाई कुठं साता समुद्रापल्याड, आणि काडी गेली आमच्या पुसेगावची! दुकानदार हात वर करून मोकळा. एका सकाळी भागाबाईची चूल विझली. शेजारीही तीच गत. चिलमीपायी ज्याच्या राखेत बारा महिने निखारा असायचा, असा गावात एकच माणूस होता, सटवाजी. ती गवरी घेऊन गेली आणि शिव्या खायच्या तयारीनंच दारात उभी राहिली.

"मामा, वाईच इस्तू द्या."

म्हाताऱ्यानं चाचपडत राख उकरली. मग म्हणाला, "बैस. भाईर वारं हाय, गवरी नीट धरू दे." गवरी धरेपर्यंत त्यानं सांगितलं, भर पावसात तळावर घोंगडीखाली इस्तू कसा जपला होता. एकदा सांगून झालं, मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. भागाबाई ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिच्या ध्यानात आलं. अगं बया! या माणसाला द्यायला गेलं की हा अंगावर येतो, आणि मागायला गेलं की बैस म्हणतो!

ती तशीच उठून दारोदार गेली. या वेळी हात जोडले नाहीत. इस्तू पाहिजे असंल तर सटवाजीकडं जायचं, म्हणाली. दोन गवऱ्या न्यायच्या, एक तिथं ठेवायची, एक पेटवून आणायची. बाकीच्या तिघांच्या चुलीतही तिनं निखारा नेऊन ठेवला आणि कुणी कुणाच्या दारी इस्तू मागायला जायचं ती घरं वाटून दिली. आता कुणाची मनधरणी नको. सगळ्यात आधी धावली ती आशाबाई! आठ दिवसांत सटवाजीची मिजास बघण्यासारखी झाली. "माझ्याबिगर या गावाची चूल पेटत न्हाई. आन ती आशाबाई काहून उशीर करून राहिली आज?"

आणि नेमकं तेव्हाच मल्हारीनं येणाऱ्या माणसासोबत पूर्णेहून आगपेटी धाडली. एखाददुसरी काडी नाही, भरलेली कोरी पेटी! भागाबाईनं ती झटकन पदराखाली घेतली. कळलं तर आख्खी आळी तिच्या दारात येणार, आणि सटवाजीचं दार पुन्हा ओस पडणार. तिनं पेटी कोनाड्यात पणतीमागं दडवली आणि रोजच्यासारखी गवऱ्या घेऊन निघाली. "मामा, इस्तू द्या," म्हणताना तिची मान खाली जायची. त्याला दिसत नव्हतं म्हणून बरं.

माघात तिला थंडीतापानं धरलं. ऊन दारात आलं तरी उठवेना. चूल गार पडलेली. सगळ्यांची घरं तिनं वाटून दिली होती, पण स्वतःच्या दारी कोण येणार, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाहेरून पावलं जायची. 'येताना डोकावते' म्हणत असतील, तिला वाटलं, आणि तिला रडू फुटलं.

तेवढ्यात काठी वाजली. "भागा! ए भागा!" सटवाजी दारात. एका हातात काठी, दुसऱ्या हातात खापरावर निखारा, धोतराला शेण लागलेलं, कुठंतरी पडून आलेला. "समदे येऊन गेले. तू काहून न्हाई आलीस?"

ती अंथरुणातून नुसती कण्हली. चाचपडत त्यानं चूल गाठली, निखारा ठेवला आणि पणतीतलं तेल गवरीवर ओतावं म्हणून कोनाड्यात हात घातला. हात थांबला. म्हाताऱ्यानं पेटी बाहेर काढली, बोटांनी चारी बाजूंनी चाचपली, कानाजवळ नेऊन हलवली. कोरड्या काड्या खडखड वाजल्या.

त्यानं पेटी होती तिथंच, पणतीमागं ठेवली. मग वाकून चूल फुंकत बसला, जाळ लागेपर्यंत.

"सादळून गेलीया तुझी आगपेटी," तो म्हणाला. "काई कामाची न्हाई. उद्या बी इस्तू लागंल तुला. मी आणतो. पडून ऱ्हाय."

"व्हय, मामा," भागाबाई म्हणाली.