करडईला धोतरा म्हणणारे साहेब

पिवळा धोतरा आणि करडई यांतला फरक ज्याला कळत नाही, अशा माणसाच्या हाताखाली मी एक हिवाळा काढला. पन्नासचं दशक संपत आलं होतं, जिल्ह्याला अजून चांदाच म्हणत, आणि मी वरोऱ्याकडच्या एका गावात ग्रामसेवक होतो.

साहेब जीपमधून उतरले ते बगलेत पुस्तक घेऊनच. शाळेच्या पडवीत त्यांनी अर्धा तास भाषण दिलं. परदेशातून आलेलं हे पिवळ्या फुलांचं काटेरी तण, त्याचं बी मोहरीत मिसळलं तर तेल खाणाऱ्याचे पाय सुजतात, म्हणून ते आजच उपटायचं. बोलणं खोटं नव्हतं. पण पुस्तकातलं चित्र फुलाचं होतं, आणि त्या दिवसांत फूल कशालाच नव्हतं. फुलाआधी धोतरा, करडई आणि बांधावर उगवणारं आणखी एक परकं काटेरी तण, तिन्ही जमिनीला चिकटून दातेरी पानं पसरून बसतात. धोतऱ्याच्या शिरांवर पांढरे पट्टे असतात, पान मोडलं की हळदीसारखा चीक येतो. त्या तिसऱ्याचा चीक दुधासारखा. करडईला चीकच नाही. एवढं आमच्याकडच्या शेळीलाही कळतं.

साहेब थांबले ते एका विधवा बाईच्या ज्वारीपाशी. ढोरं शिरू नयेत म्हणून तिनं कडेनं चार तास, म्हणजे चार ओळी, काटेरी करडई पेरली होती.

"हाच तो! उपटा."

बाई धावत आली. "साहेब, हे करडई आहे. म्या पेरली."

"बाई, मी याचा अभ्यास केलाय."

तिनं पान मोडून त्यांच्या नाकासमोर धरलं. "पाहा न. धोतऱ्याले पिवळा चीक येते. इले कुठी आहे?"

"थंडीत चीक आटतो," साहेब म्हणाले.

असं बेधडक अज्ञान मी पुढे नोकरीभर पाहिलं, पण ते पहिलं. श्रमदानाला आलेली माणसं माझ्याकडे बघत होती. मी साहेबांचं पुस्तक छातीशी धरून उभा राहिलो. मग त्यांनीही माना खाली घातल्या आणि चारही तास उपटले.

दुपारी पडवीतच जेवण होतं. भाकरी, वरण, आणि त्या बाईनं स्वतः आणलेली पालेभाजी. साहेबांनी ती दोनदा मागून घेतली.

"छान झालीय. कसली आहे?"

"सकाळी तुमी उपटाले लावलं न साहेब, तेच. फेकून काऊन द्याव?"

साहेबांचा घास हातातच राहिला. ते उठले, शाळेच्या भिंतीमागे गेले आणि घशात बोटं घालू लागले. मीठपाणी मागवलं, जीप सुरू करायला सांगितली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. परतले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

"खरं सांगा," ते मला म्हणाले, "काय होतं ते?"

"करडई होती, साहेब."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग सकाळी का बोलला नाहीत?"

त्या मूर्ख माणसानं दिवसभरात विचारलेला तो एकच शहाणा प्रश्न होता. जाताना त्यांनी गाव धोतरामुक्त झाल्याचा कागद पुढे केला. मी त्यावरही सही केली. तेव्हापासून त्यांची कीव मला जरा जपून करावी लागते.

महिनाभरात उघड्या कडेनं ढोरं शिरली आणि ज्वारीचा एक कोपरा खाऊन गेली. मी बाभळीचे काटे तोडून दोन दिवस कुंपण घातलं. हात सोलून निघाले. दुसऱ्या दिवशी बाई बांधावर येऊन उभी राहिली.

"हे करडई आहे म्हणून त्या दिवशी बोलता आलं असतं तर काटे तोडा लागले नसते, भाऊ," ती म्हणाली.

तिनं मला तांब्याभर पाणी दिलं. बसा म्हणाली नाही.