मामांचं मिटलेलं तोंड

आमच्या मामांइतका बेसूर माणूस रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर झाला नाही, आणि त्यांच्याइतकं मनापासून गाणाराही कुणी झाला नाही. नवगावात त्यांचा तेलाचा घाणा होता. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू, म्हणजे गावच्या भाषेत शनवार तेली. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत, घाणा बंद. शनिवारी कुणी तेलाला आलंच तर मामा ओटीवर बसल्या बसल्या सांगत, "आज मी नाही नि घाणाही नाही. उद्या ये, दोघं भेटू." बैलालासुद्धा शब्बाथ कळतो, शुक्रवारी दुपार कलली की तो मान वर करून उन्हाकडे बघतो, असं ते शपथेवर सांगायचे. बिनखवल्यांची मासळी आम्हांला वर्ज्य, म्हणून कोळणीच्या टोपलीतला एकेक मासा उलटापालटा करून बघायचे. ती कंटाळून म्हणायची, "दादा, तुमच्या देवाला दुसरा काय काम न्हाय व्हय?" मामा गंभीरपणे म्हणत, "पुष्कळ आहेत ना. म्हणून तर हे त्याने माझ्याकडे दिलंय."

पण त्यांचा खरा ध्यास म्हणजे लग्नातलं गाणं. आमच्यात नवरी सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिराच्या, दारातून आत येते, तेव्हा समोर उभ्या असलेल्या नवऱ्याने तिच्यासाठी हिब्रू गाणं म्हणायचं असतं, आणि त्या सुरांवर तिने चालत त्याच्यापर्यंत जायचं. मामी ऐन तरुणपणी गेल्या, तेव्हापासून मामांना हे गाणं कानावर आलं की राहवत नसे. लग्न कुणाचंही असो, नवऱ्याने तोंड उघडायचा अवकाश, मामा मागून सुरू, आणि मग नवरा काय म्हणतोय ते फक्त देवाला ठाऊक. माझ्या लग्नात आमच्या ह्यांचे ओठ हलताना मी पाहिले. आवाज पहिल्यांदा ऐकला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, चहात साखर मागताना.

आई-वडील गेल्यावर आम्हां दोघी बहिणींना मामांनीच वाढवलं. धाकटीचं लग्न मुंबईच्या एका लाजाळू कारकुनाशी ठरलं. बिचारा महिनाभर चाळीच्या गच्चीवर जाऊन गाण्याची तालीम करत होता. धाकटीने मामांना समोर बसवून सांगितलं, "मामा, बाकी हवं ते करा. पण त्या गाण्याला तोंड उघडायचं नाही. मला त्यांचा आवाज ऐकायचाय." मामांचा चेहरा एवढासा झाला. "बरं बाय," म्हणाले आणि बैलाला पेंड घालायला निघून गेले. मला फार वाईट वाटलं, पण माझं उदाहरण समोर असताना मी तिला काय सांगणार?

शुक्रवारी सकाळी रेवसहून आगबोटीने निघालो. मुंबईच्या नारळाला चव नसते म्हणून मामांनी घरचे नारळ पोत्यात भरून घेतले होते आणि मुंबईच्या पाण्यावर विश्वास नाही म्हणून विहिरीच्या पाण्याची कळशी. डोंगरीतल्या बिऱ्हाडी पोचून शब्बाथचे दिवे लावेपर्यंत सूर्य टेकला होता. शनिवारी संध्याकाळी तीन तारे दिसले की शब्बाथ सुटणार आणि मेंदी लागणार, म्हणून पोरीसोरी गॅलरीत माना मोडून उभ्या. एकीने तिसरा तारा दाखवला. मामा म्हणाले, "तो म्युनिसिपालिटीचा दिवा आहे. नीट बघ." मग मेंदी झाली, एलियाहू नबीच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा झाला, पोह्यांवर पडलेला सगळा नारळ मामांनी स्वतः खोवला. दिवसभर एक ओळही गुणगुणले नाहीत. हसत सगळ्यांशी होते, पण माणूस कुठेतरी हरवला होता.

रविवारी सिनेगॉगमध्ये बघते तर मामांचे दोन्ही गाल फुगलेले. श्रीवर्धनच्या दोन अख्ख्या सुपाऱ्या, एकेका गालात एकेक. वचन मोडू नये म्हणून केलेला बंदोबस्त. धाकटी पांढऱ्या साडीत दाराशी आली. नवऱ्याने सुरुवात केली, आणि छान केली हो. पण तिच्याकडे नजर गेली मात्र, त्याचा घसाच बसला. खाकरला, पुन्हा तोंड उघडलं, शब्द नाही. धाकटी निम्म्या वाटेवर थांबली. गाणंच नाही तर चालायचं कशावर? सगळं सिनेगॉग मामांकडे वळून बघायला लागलं. त्यांनी गावं असं लोकांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी ते मान हलवून धाकटीकडे बोट दाखवत राहिले.

पदराआडून हळूच आवाज आला, "मामा, म्हणा ना."

मामांनी दोन्ही सुपाऱ्या काढून आमच्या ह्यांच्या तळहातावर ठेवल्या आणि अडलेली ओळ म्हटली. तशीच बेसूर, पण इतकी हलकी की मला खरं वाटेना. नवऱ्याला धीर आला, त्याने ती ओळ उचलली. आता मामा सुटणार म्हणून आम्ही सगळे सावरून बसलो, तर मामा गप्प. हात पुढे करून सुपाऱ्या परत घेतल्या आणि गालात ठेवल्या. धाकटी नवऱ्याच्या आवाजावर चालत गेली.

परतीच्या आगबोटीत मी विचारलं, "थांबलात कसे?"

"तुझी मामी अशीच मध्ये थांबली होती," ते समुद्राकडे बघत म्हणाले. "माझं गाणं ऐकून हसू आवरेना तिला. आली पण. हसत हसत आली. अजून म्हणतो तेव्हा ती येताना दिसते मला. काल म्हटलं, आज ह्या पोराला दिसू दे त्याची नवरी येताना."

मामा गेल्यानंतर एकदा मी आमच्या ह्यांना घरात ते गाणं म्हणायला लावलं. आवाज चांगला आहे त्यांचा, शब्द न् शब्द ऐकू आला. पण निम्म्यावर मला मामांची अशी काही आठवण झाली की म्हटलं, राहू द्या.