कार्ड नसलेल्या माणसाची नोंद

भूतबित सगळं थोतांड आहे, असं मी आजही म्हणतो. पण हे माझ्याच कीबोर्डवर, भर दुपारी घडलंय, म्हणून लिहितोय…

मी पालघरला राहतो. बोईसर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीचा डेटाबेस सांभाळतो. इथे ठेकेदार एकाच्या कार्डावर दुसऱ्यालाच आत पाठवतात. सगळ्यांना माहीत, सगळे गप्प. असाच विक्रमगडकडचा लखमा दुसऱ्याच्या कार्डावर टाकी साफ करायला आत गेला आणि गॅसने गुदमरून मेला. संध्याकाळी प्रेत कुठे? तर गेटबाहेर, गटाराच्या कडेला! "हा आमचा माणूसच नाही," म्हणत कंपनीने कानांवर हात ठेवले. शी!

त्याची बायको रोज गेटवर यायची. "माझा नवरा आत गेला हाय, सायेब. तेवडा लिवून द्या." बाकी काही मागणं नाही.

पुढच्या रविवारी मी गेटच्या हजेरीचं टेबल मायआयसॅमवरून इनोडीबीवर नेलं. म्हणजे डेटा तोच, साठवणारं इंजिन नवं. जुनं काहीही गिळायचं. नव्यावर मी नियम लावला होता — कार्ड यादीत नसेल तर नोंद घ्यायचीच नाही.

आधी नोंदी मोजल्या, नंतर मोजल्या… एक जास्त! लखमा मेला त्या दिवसाची. नाव लखमा, कार्ड नंबर शून्य. आत — सात दहा. बाहेर — रिकामं.

त्याचं नाव सिस्टीममध्ये कुणी कधी घातलंच नव्हतं. बॅकअपमध्येही नाही. तशीच नोंद मी हाताने घालून पाहिली, तर एरर! अंगावर सरसरून काटा आला.

माझ्या मॅनेजर सरांना बोलावलं. गुटखा चघळत म्हणाले, "करप्ट रो आहे रे, बिघडलेली नोंद. उडव."

"सर, प्रिंट काढून तिला दिली तर…"

"नोकरी जड झालीय का तुला?"

उडवली. पुन्हा काही आली नाही. सरांनी समोसे मागवले आणि, सांगायलाही लाज वाटते, मीही एक खाल्ला.

सोमवारी गेटवर तिने गाठलंच. "तुमच्या कंप्यूटरात त्याचा नाव हाय का, सायेब?"

मी नाही म्हणालो. ती मान हलवून निघून गेली.

ती नोंद आली कुठून, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे अजून नाही. मी ती का पुसली, याचं आहे… आणि त्याचीच शिसारी येते.