लाथेच्या आधी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते धारेचं. संध्याकाळी सहाला. बायको म्हशीखाली बसली, मी म्हशीच्या तोंडाशी गवत धरून उभा. गाव विंझर, म्हैस चंद्री. धार झाल्यावर तिनं चंद्रीला गुळाचा खडा दिला. म्हणाली, "हा शंकर भावजींचा." हे ती रोज करायची. जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही.

शंकर कोण, ते सांगतो.

मी फौजेत खेचरांच्या कंपनीत होतो. शिक्षण चौथी. रस्ता संपतो तिथून वरच्या पोस्टवर दारूगोळा आणि पाणी पोचवायचं. चारला दाणा, साडेचारला खरारा, पाचला ओझं. माझं खेचर बिजली. लाथा झाडायची. हवालदार साहेबांचा इलाज काठी. लाथ मारली की एक ठेवून द्यायची. नायक शंकर सारोळ्याचा, माझा जोडीदार. त्याचा इलाज गूळ. नीट चालली की खडा.

"लाच देतोस व्हय रं जनावराला?" साहेब म्हणायचे.

"साहेब, तुमीबी पगारावरच चालता की."

सुट्टीवर आलो तर घरची म्हैसही लाथा मारत होती. मी काठी उचलली. बायको म्हणाली, "थांबा. लाथेच्या आदी काय झालं?"

"काय व्हायचंय? म्या सडाला हात लावला."

"आन् हात केवढा गार हाय."

सडही चिरलेला होता. तिनं हात चुलीवर शेकले, सडाला लोणी लावलं. म्हैस गप उभी राहिली. मी हसून सोडून दिलं.

त्याच हिवाळ्यात पोस्टवर गोळीबार सुरू झाला. सव्वासहाला अरुंद वाटेवर बिजली अडली. मागं सात खेचरं. वर दारूगोळा संपत आलेला. वायरलेसवर आवाज आला, "लोड किधर है? ओव्हर."

"हाण," साहेब म्हणाले. हाणली. तिनं लाथ झाडली. शंकरनं गूळ धरला. तिनं तोंड फिरवलं.

तेव्हा मला घरची म्हैस आठवली. लाथेच्या आधी काय झालं? चढ लागला होता. चढाला ओझं मागं सरकतं. खोगिराखाली हात घातला, हाताला रक्त लागलं. ओझं उतरवलं, जखमेच्या दोन्ही अंगांना घोंगडीच्या घड्या लावल्या, परत बांधलं. बिजली चालली. सातला पाच कमी असताना माल पोचला.

"कुणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

"बायकोनं."

साहेब हसले नाहीत.

परतीच्या वाटेवर गोळा पडला. शंकर जागीच गेला. खिशात गूळ होता.

साहेब, शंकर, बायको, तिघांनाही लाथच थांबवायची होती. काठी लाथेनंतर येते. गूळ लाथ न मारल्यावर मिळतो. हिचं बघणं लाथेच्या आधीचं. गूळ चूक, असं मी म्हणणार नाही. एरवी बिजली गोळीबारातही शंकरच्या मागं चालायची. काठीचं एवढंच, की ती पटकन हाताला येते.

बायको गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भावकी दारात जमली होती. तिला अजून उचलायचं होतं. गोठ्यात चंद्री ओरडत होती. घरात चूल पेटलेली नव्हती, म्हणून हात काखेत धरून ऊब आणली. धारेला बसलो. लाथ बसली, बादली उडाली.

चुलतभाऊ म्हणाला, "दादा, काठी दिऊ का?"

"नको."

लाथेच्या आधी काय झालं, ते मला ठाऊक होतं. रेडकू सोडलं. सगळं दूध त्याला पिऊ दिलं. मग गुळाचा डबा उघडला आणि चंद्रीसाठी दोन खडे काढले, एक शंकरचा, एक तिचा.