सह्यांच्या वरची मोकळी जागा

नागसेन दुर्गे यांना कागदावरची मोकळी जागा बघवत नसे. बँकेचा फॉर्म असो की गॅसचं कार्ड, जिथे लिहायचं काही उरलं नाही तिथे ते तिरपी रेघ ओढून टाकत. त्यांची बायको चंपाबाई शेजारणींना सांगत, "किराण्याच्या यादीखालीबी रेघ मारते हा मानूस! पावभर साखर मागाहून लिहाची म्हटलं तं जागा नाही."

चंपाबाई हसून सांगायच्या, पण या खोडीमागची गोष्ट हसण्यासारखी नव्हती. नागसेनांचे वडील मोतीराम राज्याच्या सरहद्दीवरच्या एका गावात शेतमालकाकडे वर्षाच्या बोलीवर राबणारे सालदार होते. साल संपलं त्या दिवशी मालकाने त्यांच्याकडून कोऱ्या कागदावर अंगठा घेतला, म्हणाला, हिशोब मग लिहून घेऊ. लिहिला तेव्हा मोतीरामच्या नावावर आणखी एक साल निघालं. दहा वर्षांच्या नागसेनने तो कागद बापाला वाचून दाखवला. मोतीराम एवढंच म्हणाले, "त्या दिवशी माह्या अंगठ्याच्या वर काहीच नव्हतं रे."

पुढे पोरगा शिकला, सहकार खात्यात कारकून झाला, आणि तेहेतीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासून आदिलाबादेत निवृत्त झाला. गावाबाहेरच्या कापसाच्या रानात तोवर प्लॉट पडले होते. कॉलन्या झाल्या, कॉलन्यांचे संघ झाले, संघांना अध्यक्ष-सचिव-खजिनदार मिळाले. पदं घ्यायला सगळे पुढे, वही धरायची म्हटली की सगळ्यांचं डोकं दुखायचं. म्हणून नागसेनांनी दर रविवारी कम्युनिटी हॉलात या मंडळींना शिकवायला सुरुवात केली. पावती फाडल्याशिवाय पैसा हातात घ्यायचा नाही. ठराव सभेतच लिहायचा, तिथेच वाचून दाखवायचा, मग सह्या. आणि सहीच्या वर कोरी जागा ठेवली, तर तुम्ही चोराला घराची किल्ली दिली असं समजा. हे शेवटचं वाक्य ते टेबलावर हात आपटून सांगत.

त्यांची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी म्हणजे त्यांच्याच कॉलनीतल्या रेणुकाबाई. दहावी शिकलेल्या, एका निवासी शाळेत रोजंदारीवर स्वयंपाक करणाऱ्या. दोनशे पोरांच्या भाताचा अंदाज ज्या बाईचा चुकत नाही, तिला शेहेचाळीस घरांचा हिशोब जड जाणार नाही, असं म्हणून नागसेनांनीच त्यांना आग्रहाने खजिनदार केलं. चार रविवार समोर बसवून शिकवलं. त्या नको नको म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुमी मागं उभे असान तं घेतो, सर."

आता त्याच रेणुकाबाईंच्या नावावर कॉलनीत कुजबुज चालली होती. गेल्या मे महिन्यात घरटी हजार रुपये काढून कॉलनीने बोअर मारली. तीनशेवीस फूट, आणि खाली नुसता फुफाटा. खणाई, पाइप, गाडीभाडं धरून शेहेचाळीस हजार मातीत गेले. नवे अध्यक्ष अमृतराव यांनी पद घेताच खजिनदाराची वही पाहिली. वहीत सगळं होतं, पण फुटाला एकशेदहा हा दर कुणी ठरवला, हे नव्हतं. "एकशेदहाचा दर खरंच होता का? का कमी दरात खणलं अन् बाकीचे बाईच्या डब्यात गेले?" अमृतराव चारचौघांत बोलून गेले आणि कॉलनीला चघळायला विषय मिळाला. ते शुक्रवारी नागसेनांकडे आले. बोअर मारली त्या वेळी सचिव नागसेनच होते.

"जुनं रजिष्टर तुमच्या काळातलं हाय, सर. आमी उघडलं बी नाही," अमृतरावांनी ते टेबलावर ठेवलं. "रविवारी तीन कॉलन्यांचे लोक शिकाले येऊन राह्यले. त्यायच्या समोरच ठराव वाचून दाखवा. असंल तं विषय मिटला. नसंल तं सोमवारी ठाण्यात तहरीर देतो."

तहरीर म्हणजे पोलिसांत लेखी तक्रार; ती गेली तर रोजंदारीच्या बाईला शाळेत कोण ठेवणार? नागसेन हसून म्हणाले, "ठराव आहे, अमृतराव. माझ्या हाताने लिहिलाय." त्यांना तशी खात्रीच होती.

शनिवारी दुपारी त्यांनी रजिस्टर उघडून ते पान काढलं. वर तारीख, खाली सतरा सह्या, आणि मधे अर्धं पान कोरं.

सगळं लख्ख आठवलं. ऊन पंचेचाळीसच्या वर गेलेलं. दोनदा सभा बोलावली, दोन्ही वेळा हॉलात ते, रेणुकाबाई आणि सावलीला आलेलं एक कुत्रं. मग कॉलनीची जी जुनी रीत, तीच त्यांनी केली. छत्री घेतली, रजिस्टर काखेत मारलं, आणि दारोदार फिरून उंबऱ्यावर सह्या घेतल्या. प्रत्येक दारात दर सांगितला, प्रत्येकाने मान डोलावली. ठराव संध्याकाळी निवांत लिहू म्हणून वर जागा ठेवली. संध्याकाळी मंचेरियलहून फोन आला, लेकीचं बाळंतपण अडलंय. ते तसेच निघाले. वाटेतून रेणुकाबाईंना फोनवर म्हणाले, गाडी आली की पैसे देऊन टाका, ठराव मी आल्यावर लिहितो. महिन्याने नातवाचे लाड करून परतले, सचिवपद सोडलं, आणि पान तसंच राहिलं. किराण्याच्या यादीखाली रेघ मारणारा माणूस अर्धं पान विसरला.

नागसेनांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. पण लाजेच्या पाठोपाठ दुसरा विचार आला. जागा आहे. हात माझाच आहे. त्या वेळचं निळं पेनही खणात आहे. आणि लिहायचं ते खरंच तर आहे. त्यांनी पेन काढलं आणि लिहिलं, 'ठराव क्रमांक नऊ'.

तेवढ्यात रेणुकाबाई दारात आल्या. शाळेतून थेट आल्या होत्या, पदराला फोडणीचा वास होता. "सापडला ना ठराव, सर?"

नागसेनांनी पानावर हात ठेवला. पण बाईंची नजर वहीला सरावलेली होती, आणि ती त्यांनीच तयार केली होती. त्या जवळ आल्या. ओली शाई दिसली.

"हे आता लिहून राह्यले तुमी?"

"एक शब्द खोटा नाही यात, रेणुकाबाई. दर तोच, तारीख तीच. तुमच्यासाठीच लिहितोय."

"माह्यासाठी?" त्यांचा आवाज चढला. "मंग मले चार रविवार काय शिकवलं? माह्या वहीत मागाहून लिहेल एक ओळ नाही. लोकायनं चोर म्हटलं तरी त्या वहीच्या भरवशावर मी कामावर जाऊन राह्यलो. उद्या कोनी म्हटलं हे पान नवं हाय, तं माही वही बी खोटी ठरन. मंग मी काय दाखवू?"

"आणि नाही लिहिलं तर? तहरीर देतील ते."

बाईंचे डोळे भरले, पण त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही. "मले भेव नाही असं नाही, सर. काम गेलं तं घर कसं चालन, मले मालूम नाही. तुमी लिहा नाहीतं नोका लिहू. पन माह्यासाठी हाय म्हून मले सांगू नोका."

त्या गेल्या. चंपाबाई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या. चहाचा कप ठेवताना एवढंच म्हणाल्या, "लोका सांगे ब्रह्मज्ञान." पुढचं त्यांनी गिळलं. नागसेनांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. चहा तसाच निवला.

रविवारी हॉल गच्च भरला होता. पाहुण्या कॉलन्यांचे पदाधिकारी पुढच्या रांगेत कोऱ्या वह्या घेऊन बसले होते. रेणुकाबाई भिंतीशी, आपली वही छातीशी धरून. अमृतराव उठले. "वाचा, सर."

नागसेनांनी तारीख वाचली. मग सह्यांची नावं, एकेक करून. तिसरं नाव अमृतरावांचं होतं. सतरा नावं संपली.

"अन् ठराव?"

"ठराव नाही."

हॉलात एकच गलका झाला. अमृतराव भिंतीकडे वळले. "ऐकलं का, बाई?"

"थांबा!" नागसेन ओरडले. वर्गात ते कधी ओरडत नसत. "सभाही नाही. हे पान मी दारोदार फिरवलं. आधी सह्या घेतल्या, वर जागा कोरी ठेवली. काल त्यात मी तीन शब्द घुसवले, तेही बघून घ्या. बाईंनी पैसे दिले ते माझ्या सांगण्यावरून. अमृतराव, तुम्ही सही कुठे केली?"

अमृतराव गडबडले. "माहीत नाही. फाटकापाशी असंल. गाडी चालू होती माही."

"मी दर सांगितला होता?"

"सांगतला असंल, कोन ध्यान देते?"

मागून तुळजाबाई उठल्या, कोपऱ्यावरच्या घरातल्या म्हाताऱ्या. "एकशेदहा सांगतले होते! मी भाकरी थापून राह्यलो होतो, तशाच हातानं सही केली. पाहा पानाले पीठ लागेल हाय का नाही."

नागसेनांनी पान उंच धरलं. अकराव्या सहीपाशी ज्वारीच्या पिठाचा वाळलेला बोटाचा ठसा होता. मग एकाला आठवलं, दुसऱ्याला आठवलं. अमृतराव मान खाली घालून म्हणाले, "एकशेदहाच. आता ध्यानात आलं."

बाईंच्या अंगावरचं बालंट उतरलं, पण वाऱ्याची दिशा बदलली होती. पुढच्या रांगेतला एक पाहुणा उभा राहिला. "तुमीच असं करता, तं आमाले काय शिकवता?" त्याने वही मिटली आणि बाहेर पडला. त्याच्यामागे आणखी चारजण गेले. आठ वर्षांचे रविवार त्या दारातून निघून चालले होते आणि ते नुसते बघत राहिले.

"लिहून द्या, सर," अमृतराव हळूच म्हणाले.

नागसेनांनी नवं पान घेतलं. सभा झाली नव्हती. दर मी सांगितला. खजिनदारांनी माझ्या शब्दावर पैसे दिले. चूक माझी. चार ओळी झाल्या. जुन्या सवयीने त्यांनी पेन पानाच्या तळाशी नेलं, सचिव सही करतो तिथे. मधे चार बोटं जागा कोरी राहिली.

रेणुकाबाई भिंतीपासून पुढे आल्या. त्यांनी सरांच्या हातातून पेन काढून घेतलं. आधी जुन्या पानावरच्या अर्धवट ठरावावरून आडवी रेघ मारली, मग नव्या पानावरच्या त्या चार बोटांवर तिरपी रेघ ओढली. वरून खालपर्यंत, कुठे फट न ठेवता. मग पेन परत दिलं.

"आता करा सही, सर."

नागसेनांनी त्या रेघेला टेकून सही केली. मोतीरामच्या अंगठ्याच्या वर अशी रेघ ओढणारं त्या दिवशी कुणी नव्हतं.